पेटीवाल्या बाई आणि तबलजी

थंडी पडली की जळगावात भरीत पार्टीला निमंत्रणपत्रिका लागत नाही. कोणाच्या तरी मळ्यात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जातात आणि दहा म्हणता पंचवीस माणसे जमतात. खानदेशी माणसाला माणसे जमवायला कोणी शिकवावे लागत नाही. पण त्या पंचवीसांत अनोळखी किती? भाऊबंद, सोयरे, गल्लीतले, कचेरीतले. ज्याला बोलावणे गेले, तो आला.

आता दुसरा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. बँकेत बदली होऊन धुळ्यात आलेला, चाळिशीचा, हौसेने तबला वाजवणारा. गावात नातेवाईक नाही, अहिराणी कानाला नवीन. देवपुरात त्याने घर भाड्याने घेतले आहे आणि दोन गल्ल्या सोडून एक शिक्षिका रोज संध्याकाळी पेटी घेऊन बसतात. या दोघांची गाठ पडावी कशी?

असाच प्रश्न न्यूयॉर्कच्या स्कॉट हायफरमन यांना पडला होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर एरवी तोंड न उघडणारे शेजारी एकमेकांशी बोलू लागले, हे त्यांनी पाहिले आणि २००२ मध्ये सहकाऱ्यांसह ‘मीटअप’ सुरू केले. युक्ती साधी. आपले गाव आणि आपली आवड सांगायची. विणकाम, बुद्धिबळ, डोंगर चढणे, काहीही. कोण, कधी, कुठे जमणार ते समोर दिसते. ठरवाठरवी पडद्यावर, भेट मात्र प्रत्यक्ष. २००५ पासून गट चालवणाऱ्यांना शुल्क पडू लागले. पुढे मालकही बदलत गेले. २०२४ मध्ये ते ‘बेंडिंग स्पून्स’ या इटालियन कंपनीकडे गेले. दार मात्र परक्याला उघडे राहिले. मुंबई-पुण्यात त्यावरून माणसे जमतात.

आपल्याकडे ती जागा व्हॉट्सअ‍ॅपने घेतली. सायकलवाले, पक्षी पाहणारे, कविता वाचणारे, सगळ्यांचे गट आहेत. फुकट आहे, एका गटात १,०२४ जण मावतात. (त्यातले निम्मे सुप्रभातची फुले पाठवतात, ते सोडा!) मेख अशी, की गटात शिरायचे तर आतला कोणीतरी आधी ओळखीचा हवा. आणि शिरलात की तुमचा फोन नंबर आतल्या सगळ्यांपुढे उघडा. पेटीवाल्या बाई इथेच थबकतात. त्यांना भित्र्या म्हणण्याचे कारण नाही. नंबर हातात आल्यावर काही पुरुष काय करतात, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे भरीत पार्टीच ती, फक्त खिशातल्या फोनमध्ये. आतल्यांना मौज आणि बाहेरच्याला पत्ताच नाही.

धुळ्याला हे शोभत नाही. शंकर श्रीकृष्ण देवांनी इथे १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली. समर्थांचे वाङ्मय गोळा करायचे, ही आवड. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या कागदांचे वेड असलेली ही मंडळी. पण त्यांनी संस्थेला नाव दिले, पत्ता दिला, दारावर पाटी लावली. म्हणून कुठल्याही गावचा अभ्यासक, कोणाची चिठ्ठी न आणता, विचारत विचारत तिथे पोहोचू शकतो.

पाटीला खर्च तरी किती? धुळ्यात गरुड वाचनालय आहे, जळगावात व. वा. वाचनालय. तिथे परवानगी घेऊन एक कागद लावावा. विषय, वार, वेळ, जागा आणि जबाबदारी घेणाऱ्या एकाच माणसाचा नंबर. बाकी कोणाचा मागू नये. कागदाखाली हवा तर मोबाइलने टिपायचा तो काळा-पांढरा चौकोनही छापावा. जागा सार्वजनिक असावी, कोणाचा दिवाणखाना नको. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा संध्याकाळी सातनंतरची वेळ बरी. आणि दोघेच आले तरी ठरलेला रविवार मोडू नये. गट बंद पडतात ते बहुधा या एका आळसापायी.

पहिल्या रविवारी तबलजी बहुधा एकटाच बसेल. पेटीवाल्या बाई दोन-तीनदा तो कागद वाचून जातील, आणि चौथ्या रविवारी येतील तेव्हा सोबत मुलीला घेऊन येतील.