आवाजाचा सहकार : जुन्या युद्धकथांचे वाचन



बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त आणि खोडव्याची निगा या विषयांवर मी या पानांतून नेहमी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे, परंतु तोही सहकाराचाच आहे. जगात एक काम असे चालले आहे की ज्यात शेअर नाही, लाभांश नाही, पगार नाही. तरीही हजारो माणसे आपापल्या घरी बसून ते नेमाने करतात. ते काम म्हणजे जुनी पुस्तके मोठ्याने वाचायची, त्यांचे ध्वनिमुद्रण करायचे आणि कोणालाही फुकट ऐकू द्यायचे.

या उपक्रमाचे नाव लिब्रिव्हॉक्स. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरच्या ह्यू मॅकग्वायर यांनी ऑगस्ट २००५ मध्ये तो सुरू केला. जोसेफ कॉनरॅड यांची 'द सीक्रेट एजंट' ही कादंबरी पहिल्यांदा घेतली. कोणी एक प्रकरण वाचले, कोणी दुसरे. आज त्यांच्या यादीत सुमारे वीस हजार ध्वनिपुस्तके आहेत. वाचणाऱ्याच्या आवाजाची परीक्षा घेत नाहीत. एक मिनिटाचा नमुना पाठवायचा; आवाज पुरेसा मोठा आहे का, मागे घरघर येते का, एवढेच पाहतात. उच्चार कुठल्या मुलखाचे आहेत यावर कोणी अडत नाही.

कामाची रीत आपल्या तोडणी प्रोग्रॅमसारखीच आहे. पुस्तकाची प्रकरणे पाडतात. ज्याला जे झेपेल ते तो आपल्या नावावर लावून घेतो. एक जण सगळ्यांचा मेळ घालतो. दुसरा एक जण मूळ पुस्तक समोर धरून प्रत्येक ओळ ऐकतो. शब्द गळला, ओळ चुकली की कळवतो, मग तेवढा भाग पुन्हा वाचायचा. मजकुरात पदरचे काही घालायचे नाही आणि नको वाटले म्हणून गाळायचेही नाही.

ही माहिती मला मिळाली ती आमच्या गटातील एका सभासदांच्या घरी. लागण नोंदीच्या निमित्ताने तिथे माझे नेहमी जाणे असते. ते निवृत्त सुभेदार, १९७१ च्या लढाईत होते. आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे आणि काचबिंदूने दोन्ही डोळे गेले आहेत. (काचबिंदू बहुधा दुखत नाही, नजर कडेकडेने कमी होत जाते आणि गेलेली परत येत नाही. चाळिशी उलटलेल्या सभासदांनी डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, हे जाता जाता सांगतो.) त्यांची नात इंग्रजी घेऊन बी. ए. करते. तिने स्वयंसेवक म्हणून नाव दिले आणि तीन प्रकरणे आपल्याकडे घेतली. पुस्तक 'द रेड बॅज ऑफ करेज', लेखक स्टीफन क्रेन, साल १८९५.

ही कादंबरी अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धावर आहे. क्रेन यांचा जन्म १८७१ चा, म्हणजे युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी. लढाई न पाहता त्यांनी हे लिहिले. कथेतला हेन्री फ्लेमिंग हा शेतकऱ्याचा पोर. पलटणीत नाव घातल्याचे तो सांगतो तेव्हा आई गाईची धार काढत असते. ती आठ जोड मोजे विणून देते, जॅमची वाटीही बांधून देते. पुढे पहिल्या मोठ्या चकमकीत हा गडी पळून जातो. नंतर पळणाऱ्या आपल्याच माणसाच्या बंदुकीच्या दस्त्याने त्याचे डोके फुटते आणि इतरांना ती गोळीची जखम वाटते.

सुभेदारांना हे पसंत पडले नाही. "पळपुट्याची गोष्ट कशापायी वाचायची? शूराची वाच की!" असे ते म्हणाले. नातीने वाद घातला नाही. रोज रात्री जेवणे आटोपली की ती सरावाला बसायची आणि आजोबा बाजेवर पडून ऐकायचे. ती इंग्रजी वाचायची आणि थांबून थांबून मराठीत अर्थ सांगायची.

अडचणी बऱ्याच आल्या. क्रेन यांचे शिपाई खेडवळ इंग्रजी बोलतात. निम्मी अक्षरे खाल्लेली. तिची जीभ वळेना. आजोबा म्हणाले, "आपली पोरं शिवारात बोलत्यात तसं बोल, पुस्तकी बोलू नगंस." त्यानंतर वाचनाला ठेका आला. दुसरी अडचण आवाजाची. हंगामात रात्रभर ट्रॅक्टर, त्यावर गाणी. शिवाय रात्रपाळीची वीज आली की विहिरीवरची मोटर सुरू. तिला जो आवाज ऐकू येत नव्हता तो म्हाताऱ्याच्या कानाला बरोबर लागायचा. शेवटी दार लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन तिने प्रकरणे पुरी केली. एका ठिकाणी ओळ गळल्याचे तपासणाऱ्याने कळवले, तो भाग तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला.

हेन्री पळतो ते प्रकरण झाले त्या रात्री सुभेदार बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पयल्या दिवशी काय होतं ते ज्याचं त्यालाच ठावं. आमच्यातबी कुणी बोललं न्हाई. ह्यानं लिवलंय, म्हंजे ह्याला कुणीतरी सांगितलं असणार." नातीने विचारले, मग तुमचे तुम्ही सांगा, तेही मी भरून घेते. त्यावर, "आधी हे पुरं कर," एवढेच उत्तर मिळाले. पुस्तक पुरे झाले. तिचा प्रश्न अजून तसाच आहे. घरातले कोणी त्यांना घाई करत नाही.

मला हे महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या भागात घराघरांतून माणसे पलटणीत गेलेली आहेत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा पडला. तिच्यात मराठा पलटणी होत्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी ती फौज शरण गेली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले. तिकडच्या शिपायांच्या कादंबऱ्या झाल्या आणि शंभर वर्षांनंतरही त्या मोठ्याने वाचल्या जातात. आपल्यातील बहुतेकांना लिहिता येत नव्हते. त्यांनी घरी येऊन जे सांगितले ते ऐकणाऱ्यांबरोबर गेले.

आता कायद्याची बाजू. कोणतेही पुस्तक उचलून वाचता येत नाही. त्याचा हक्क संपलेला असावा लागतो. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. अमेरिकेत त्या काळच्या पुस्तकांचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे धरतात. लिब्रिव्हॉक्सचे काम अमेरिकेच्या नियमाने चालते. त्यामुळे हेमिंग्वे यांची पहिल्या महायुद्धावरील 'अ फेअरवेल टू आर्म्स' (१९२९) तिकडे १ जानेवारी २०२५ ला खुली झाली. हेमिंग्वे १९६१ साली वारले, म्हणून आपल्याकडे ती आधीच खुली होती. उलट 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' चे लेखक रेमार्क १९७० साली वारले. ते पुस्तक तिकडे खुले झाले तरी आपल्याकडे २०३० अखेरपर्यंत नाही. वाचणाऱ्याने आपल्या देशाचा नियम पाहावा.

या नियमाने आपल्या मराठीतही पुष्कळ पुस्तके मोकळी आहेत. गुंजीकरांचे 'मोचनगड' (१८७१), १९१९ साली निधन पावलेल्या हरि नारायण आपट्यांच्या 'उषःकाल' आणि 'गड आला पण सिंह गेला', तसेच नाथमाधवांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या. लढाया, वेढे, फितुरी, सगळे त्यांत आहे. श्रावणात पोथी लावून वाचणारी माणसे आपल्या गावोगाव आहेत. त्यांच्या आवाजाला काय कमी आहे?

साधने फार लागत नाहीत. साधा मोबाइल चालतो, परंतु वाचताना तो विमान मोडवर ठेवावा. पंखा बंद, खिडकी बंद, भोवती कापडचोपड असलेली खोली. पाण्याचा तांब्या जवळ घ्यावा. एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वाचू नये. घसा बसतो आणि ऐकणाऱ्याला ते कळते. शेवटी पाच सेकंद गप्प राहून मगच बंद करावे.

ज्या सभासदांच्या घरी वाचणारी मुले-मुली आहेत, किंवा डोळ्यांनी अधू झालेली वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी आपल्या गट कार्यालयात शेती मदतनिसाकडे नाव द्यावे. 'उषःकाल' ची प्रकरणे वाटून घेऊन सुरुवात करावी असा विचार आहे. ऐकून चुका काढणाऱ्यांचीही गरज आहे, आणि त्या कामाला डोळस माणूस व अधू माणूस अशी जोडी उत्तम. सुभेदारांनी आपले नाव पहिले दिले आहे.

— ऊस विकास अधिकारी