चार चेंडू, चार विकेट… आणि चार धावा कमी!

मुलांनो, ही गोष्ट आपल्या वर्ध्यात जन्मलेल्या एका वेगवान गोलंदाजाची आहे. त्याचं नाव दर्शन नळकांडे.

नोव्हेंबर २०२१. दिल्लीत सय्यद मुश्ताक अली स्पर्धेची उपांत्य फेरी, विदर्भाविरुद्ध कर्नाटक. वीस ओव्हरचा सामना. कर्नाटकच्या डावाची शेवटची ओव्हर दर्शनच्या हाती आली. अशा वेळी फलंदाज दिसेल तो चेंडू मैदानाबाहेर भिरकावायला बघतात. पण दर्शनने लागोपाठ चार चेंडूंवर चार जणांना बाद केलं! हॅटट्रिकला तीन विकेट लागतात, त्याने त्यावर आणखी एक घेतली.

मग विदर्भ जिंकला असेल, नाही का? नाही जिंकला. कर्नाटक १७६, विदर्भ १७२. अवघ्या चार धावा कमी पडल्या.

याच स्पर्धेत यवतमाळ जिल्ह्याच्या अक्षय कर्णेवारने मणिपूरविरुद्ध चारच्या चार ओव्हर निर्धाव टाकल्या होत्या. चोवीस चेंडू, एकही धाव नाही! पुरुषांच्या ट्वेंटी-२० सामन्यांत असं त्याआधी कोणालाच जमलं नव्हतं. आपल्याच संघात असे दोन पराक्रम झाले, तरी करंडक नागपूरला आला नाही. मला तेव्हा फार हळहळ वाटली. पण नंतर या कोड्यामागचं गणित पाहिलं आणि डोळेच विस्फारले. ते गणित तुम्हीही घरी करून बघा.

चार चिंचोके घ्या. एकावर कोळशाने खूण करा आणि चारही एका पिशवीत टाका. आता न बघता एक काढा. कोरा निघाला तर तुमचा संघ जिंकला, खुणेचा निघाला तर हरला. म्हणजे तुमचा संघ फारच तगडा आहे, चारपैकी तीन सामने जिंकणारा. आता बाद फेरी खेळा: उपउपांत्य, उपांत्य आणि अंतिम. प्रत्येक वेळी चिंचोका परत पिशवीत टाकायचा, पिशवी हलवायची आणि पुन्हा काढायचा. तिन्ही वेळा कोरा आला तरच करंडक तुमचा.

किती वेळा मिळेल? पहिल्यांदा चारपैकी कोणताही चिंचोका येऊ शकतो, दुसऱ्यांदाही चार, तिसऱ्यांदाही चार. ४ × ४ × ४ म्हणजे ६४ प्रकारे ही स्पर्धा घडू शकते. त्यांतल्या तिन्ही वेळा कोरे येण्याच्या रीती ३ × ३ × ३ म्हणजे फक्त २७. उरलेल्या ३७ रीतींमध्ये हा तगडा संघ रिकाम्या हाताने घरी! इतका चांगला संघसुद्धा जिंकण्यापेक्षा जास्त वेळा करंडकाविना राहतो. आहे की नाही नवल?

आणि विदर्भाला हरवणाऱ्या कर्नाटकचं पुढे काय झालं माहीत आहे? अंतिम सामन्यात तमिळनाडूला शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या होत्या आणि शाहरुख खानने (हा क्रिकेटपटू, सिनेमातला नव्हे) षटकार मारला. करंडक कर्नाटकच्याही हातून गेला.

जगातल्या बलाढ्य संघांचीही यातून सुटका नाही. जर्मनीचा फुटबॉल क्लब बायर्न म्युनिक २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा वर्षं तिथल्या लीगचा विजेता होता. २०२३-२४ मध्ये त्याच्या हॅरी केनने एकट्याने लीगमध्ये ३६ गोल केले, पण क्लबला एकही करंडक मिळाला नाही. जर्मन चषकात तर तिसऱ्या श्रेणीच्या सारब्रुकेनने त्याला २-१ असं हरवलं. एकाच सामन्यात असं होऊ शकतं, हे तुमची पिशवी तुम्हाला सांगेलच.

पण प्रत्येक हार नशिबाची नसते हं! लीगमध्ये प्रत्येक संघ ३४ सामने खेळतो. इतक्या सामन्यांत एखाद्या दिवसाचं नशीब बरंचसं विरघळून जातं आणि खरी ताकद दिसते. त्या वर्षी बायर लेव्हरकुसेन लीगमध्ये एकही सामना न हरता पहिला आला आणि बायर्न तिसरा. तिथे लेव्हरकुसेनच सरस होता, हे मान्य करायलाच हवं.

मग करंडक कधी येतच नाही का? येतो, पण वाट बघावी लागते. आपला विदर्भ रणजी स्पर्धेत १९५७-५८ पासून खेळतोय. पहिला रणजी करंडक मिळाला तो जानेवारी २०१८ मध्ये. पुढच्याच मोसमात दुसरा आणि २०२५ मध्ये तिसरा. तो तिसरा तर नागपूरच्या वर्धा रोडवरच्या जामठ्याच्या मैदानावरच जिंकला! आणि दर्शन? तो २०२२ च्या आयपीएलमध्ये गुजरात टायटन्सकडून खेळला आणि त्या वर्षी तोच संघ विजेता ठरला.

आता चारऐवजी दहा चिंचोके घ्या, खूण मात्र एकावरच. हा संघ दहापैकी नऊ सामने जिंकणारा. आधी अंदाज एका कागदावर लिहा: अशा १,००० स्पर्धांपैकी सरासरी किती वेळा तो करंडकाविना परतेल? मग ९ × ९ × ९ करा आणि उत्तर हजारातून वजा करा.