जबलपूरचा ‘यू’ आणि तुमसरचा ‘यू’

इंग्रजीचे स्वर : लेखांक ६

मागच्या लेखांकात मुक्या व्यंजनांचा हिशेब झाला. ‘नाइफ’मधला के आणि ‘वॉक’मधला एल एकेकाळी उच्चारले जात. पुढे ते गप्प झाले, पण स्पेलिंगात ठाण मांडून राहिले, इथवर आपण आलो होतो. स्वरांचे प्रकरण याहून बिकट आहे. व्यंजन फार तर मुके होते. स्वर मात्र आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसतो. त्यातून इंग्रजीत स्वरांची अक्षरे पाच, फार तर वाय धरून सहा. आणि प्रमाण मानलेल्या ब्रिटिश उच्चारात साधे नि जोड मिळून सुमारे २० स्वर. म्हणजे ओढाताण पाचवीलाच पुजलेली.

ही ओढाताण पाहायला लंडनला जायची गरज नाही. नागपूरहून गोंदियाला, तिथून बालाघाट आणि पुढे नैनपूरमार्गे जबलपूरला जाणाऱ्या रेल्वेच्या पाट्या वाचल्या तरी पुरे. कामठीची इंग्रजी पाटी के-ए-एम-पी-टी-ई-ई अशी आहे. ‘ठी’मधल्या ईसाठी दोन ई. त्याच मार्गावर पुढे कटंगीकडे वळलात तर ‘गी’साठी जी-आय, म्हणजे त्याच ईसाठी आय. तुमसर टी-यू-एम-एस-ए-आर, म्हणजे यूचा उ. आणि जबलपूरचे इंग्रज अमदानीतले स्पेलिंग पाहा: जे-यू-बी-बी-यू-एल-पी-ओ-आर-ई. इथे तोच यू चक्क ‘अ’ आहे, तोही दोनदा.

लिहिणाऱ्यांनी मनाला येईल तसे लिहिले, असे यावरून वाटेल. तसे नाही. या पाट्यांवर दोन वेगवेगळ्या पद्धती शेजारी शेजारी उभ्या आहेत.

पहिली पद्धत साहेबाच्या कानाची. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हिंदुस्तानी शिकवणाऱ्या जॉन गिलख्रिस्टने ती चालवली. आपला स्वर ऐकायचा आणि तो आवाज इंग्रजी शब्दांत कुठल्या अक्षरांनी दाखवतात ते पाहून लिहायचे. ‘कट’, ‘बस’, ‘कप’ या शब्दांत यूचा आवाज अच्या जवळ जातो, म्हणून अला यू. ‘मून’मध्ये ऊला दोन ओ, म्हणून पुण्यातल्या ऊलाही दोन ओ. ‘ट्री’मध्ये ईला दोन ई, म्हणून कामठीलाही. जबलपूरमध्ये बी दोनदा का, तर इंग्रजीत व्यंजन दुहेरी केले की आधीचा स्वर आखूड राहतो. ‘डिनर’मध्ये एन दोन आहेत, त्यातला एक काढला की ‘डायनर’ होते. जबलपूरचा पहिला यू ऱ्हस्व राहावा, कोणी त्याचा ‘जू’ करू नये, यासाठी ती दुसरी बी राखणीला बसवलेली आहे.

दुसरी पद्धत संस्कृत पंडिताची. विल्यम जोन्सने १७८८ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात ती मांडली: व्यंजने इंग्रजीप्रमाणे घ्या, स्वर मात्र इटालियनप्रमाणे. म्हणजे एला अ-आ, ईला ए, आयला इ-ई, ओला ओ, यूला उ-ऊ. विल्यम हंटरने पुढे याच तत्त्वावर सरकारी पद्धत बसवली आणि १८८१च्या इम्पिरियल गॅझेटिअरमध्ये देशभरची नावे तशी छापली. तुमसर, कटंगी, बालाघाट ही स्पेलिंगे या घराण्यातली. आज आपण मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी टंकतो, तेही बहुतांशी हंटरच्याच वाटेने.

खुद्द बालाघाट शहराने दोन्ही पद्धती अंगावर घेतल्या आहेत. १८६७ नंतरच्या काही वर्षांत भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा तयार झाला. ठाण्याच्या गावाचे नाव तेव्हा बुऱ्हा होते. जिल्ह्याचे नाव गावाला नंतर चिकटले. या बुऱ्ह्यातला उ इंग्रजीत कुठे एका यूने लिहिलेला सापडतो, कुठे दोन ओंनी. गाव तेच, पद्धती दोन. हंटरच्या घरातही एक गोम आहेच. बालाघाटच्या स्पेलिंगातले तिन्ही ए ‘आ’ आहेत, तर कटंगीचे दोन्ही ए ‘अ’. गॅझेटिअरात आ दाखवायला अक्षराच्या डोक्यावर रेघ देत असत. पाटीवर येता येता ती रेघ गळाली, आणि काना कुठे द्यायचा हे वाचणाऱ्याच्या माहितीवर सोडले गेले.

वैनगंगेचेही असेच. रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मध्ये आपली ही नदी आणि सिवनीचे डोंगर येतात. तिथे गंगेच्या ‘गं’ला यू आहे आणि सिवनीत दोनदा दोन-दोन ई आहेत: साहेबाच्या कानाची पद्धत. त्याच पुस्तकातल्या वानरांच्या ‘बंदर’ला मात्र ‘बं’साठी ए: हंटरची पद्धत. एकाच जंगलात अला यूही आणि एही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इंग्रजीतला यू अ कसा झाला? ‘पुट’मध्ये उ आणि ‘बट’मध्ये अ, हे आपल्याकडच्या प्रत्येक इंग्रजीच्या तासाला छळणारे कोडे. मुळात दोन्हीकडे उच होता. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये त्या उचे ओठ सैल पडले आणि तो अकडे सरकला. प, ब, फ यांसारख्या ओठांनी उच्चारायच्या व्यंजनांनी काही शब्दांत त्याला धरून ठेवले, म्हणून ‘पुट’, ‘बुल’, ‘फुल’ वाचले. ‘कट’, ‘डल’, ‘बट’ गेले. उत्तर इंग्लंडात ही सरकासरक झालीच नाही. यॉर्कशरचा जुन्या वळणाचा माणूस आजही बसला ‘बुस’च्या जवळपास काहीतरी म्हणतो. म्हणजे बालाघाटचा जो मुलगा ‘बट’ला ‘बुट’ वाचतो, तो चुकतो खरा, पण चारशे वर्षांपूर्वीचे बरोबर वाचतो.

दुसरे कोडे १९७५च्या ‘चुपके चुपके’ चित्रपटाने घरोघर पोचवले. टी-ओ ‘टू’, डी-ओ ‘डू’, मग जी-ओ ‘गू’ का नाही? प्रेक्षक हसले, पण प्रश्नाला खरेखुरे उत्तर आहे. ‘टू’ आणि ‘डू’ हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘तो’, ‘दो’ असे दीर्घ ओने बोलले जात. ‘गो’ मात्र त्या काळी ‘गा’ होता. चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या वेळी, तो ‘गॉ’पर्यंत आला होता. मग साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर एकेक पायरी वर चढले. ओ वर गेला आणि ऊ झाला: ‘टू’, ‘डू’, ‘मून’, ‘फूड’. त्याची रिकामी जागा ऑने घेतली: ‘गो’, ‘स्टोन’, ‘होम’. म्हणजे ‘गो’ रांगेत एक पायरी मागे होता, आजही आहे.

या चढाओढीला ओट्टो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ हे नाव दिले. तिचा बाकीचा पसारा असा. ‘नेम’ पूर्वी ‘नामे’ होते. आचा ए झाला. ‘सी’ म्हणजे पाहणे पूर्वी ‘से’ होते. एचा ई झाला. ‘टाइम’ ‘तीमे’ होते, ‘हाउस’ ‘हूस’ होते. ई आणि ऊ आधीच टोकाला होते, त्यांना वर चढायला जागाच नव्हती; ते फुटले आणि आय, आउ असे जोडस्वर झाले. अक्षरांची नावेसुद्धा या लोंढ्यात वाहून गेली. ज्या अक्षरांना इटालियन आणि जर्मन लोक आ, ए, ई म्हणतात, त्यांनाच इंग्रज ए, ई, आय म्हणतो.

स्पेलिंग त्यांच्यासोबत का गेले नाही? कारण विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, तेव्हा स्वर अर्ध्या वाटेवर होते. छापणाऱ्याला एकसारखे स्पेलिंग सोयीचे, वाचणाऱ्यालाही. अक्षरे थांबली, जिभा चालत राहिल्या. १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा कोश आला तोवर ती जुनी रूपे शिष्ट ठरली होती.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. जोन्स आणि हंटरने आपल्यासाठी निवडलेले स्वर म्हणजे साधारणपणे चॉसरच्या इंग्रजीचेच स्वर. तुमसर-कटंगीच्या पाट्यांवर रोमन लिपी शिकलेला मुलगा आजच्या इंग्रजीत ठेचकाळतो, पण सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतले ‘नामे’ आणि ‘तीमे’ तो आजच्या लंडनकरापेक्षा सरळ वाचेल. आपली मुले रोमन लिपी दोनदा शिकतात: आधी स्वतःच्या नावातून आणि गावाच्या पाटीवरून, मग इंग्रजीच्या पुस्तकातून. अक्षरे तीच, पण नियम दुसरे, आणि हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

आता याच नजरेने ‘जंगल बुक’मधल्या मोगलीकडे पाहा. आपण मराठीत आणि हिंदीत ‘मोगली’ म्हणतो. नव्वदच्या दशकात दूरदर्शनने ते नाव पक्के केले. किपलिंगने मात्र आपल्या टिपणात या नावातला ओ-डब्ल्यू गायीच्या ‘काउ’सारखा म्हणायचा असे सांगून ठेवले आहे, म्हणजे ‘माउग्ली’. ओ-डब्ल्यूचे हे दोन आवाज वरच्याच हिशेबात बसतात. ‘काउ’ जुन्या इंग्रजीत ‘कू’ होती. ऊ फुटून आउ झाला. ‘स्नो’मध्ये पूर्वी आ होता; तो ‘गो’च्या वाटेने ओपर्यंत आला. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच स्पेलिंगच्या दारात भेटले. मोगलीला मात्र वंशावळ नाही. ते गढलेले नाव. अशा नावाचा उच्चार गढणाराच सांगू शकतो, म्हणून किपलिंगला टीप लिहावी लागली.

सिवनी आणि वारासिवनीच्या स्पेलिंगातले ई-ओ तर बाहेरच्याला हमखास चकवतात. आपल्या तोंडी ‘सिवनी’तला व ओठांना जेमतेम शिवतो, त्यामुळे ‘सिओनी’ असा भास होणे सहज आहे. स्पेलिंग त्या भासाला धरून आहे. पण इंग्रजीत ई-ओ म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे? ‘पीपल’मध्ये तो ई आहे, ‘लेपर्ड’मध्ये ए, ‘व्हिडिओ’मध्ये इओ आणि ‘जॉर्ज’मध्ये ऑ. नागपूरचा मुलगा पाटी वाचून ‘सेओनी’ म्हणाला तर बसचा कंडक्टर त्याच्याकडे चमकून पाहील, पण त्या मुलाची बाजू अगदीच लंगडी नाही.

आपली देवनागरीही इथे धुतल्या तांदळासारखी नाही. बालाघाटात हिंदी शाळेत शिकणारे मूल चेंडूफळीची ‘बैट’ लिहिते; घरात मराठी असेल तर गोंदियाच्या मावशीकडे तीच ‘बॅट’ होते. प्रमाण हिंदीत ऐ हा सरळ, एकेरी स्वर आहे, इंग्रजी बॅटच्या स्वराला बराच जवळचा. म्हणून हिंदीला ‘बैंक’ आणि ‘मैनेजर’ चालतात. मराठीत ऐ म्हणजे अइ. आपण ‘बैंक’ मराठी वळणाने वाचले तर ‘बइंक’ होईल. त्यासाठी मराठीने ॲ ही वेगळी चंद्रकोर घेतली, आणि २००९च्या शासन निर्णयाने तिला आणि ऑला वर्णमालेत रीतसर बसवले. वैनगंगेचे नाव दोन्ही राज्यांत एकाच अक्षरांनी लिहितात, पण प्रमाण हिंदी बोलणाऱ्याची ‘वै’ ‘वॅ’कडे झुकते आणि भंडाऱ्याची ‘वइ’ राहते. अक्षर एक, आवाज दोन, हा दोष फक्त इंग्रजीचा नव्हे.

मग शिकवायचे कसे? ‘एचा उच्चार काय’ हा प्रश्न सोडून द्यावा. त्याला उत्तर नाही. शब्द घराण्यांनी शिकवावेत. ई-एचे घराणे घ्या. मोठी शाखा ईची: ‘सी’, ‘टी’, ‘मीट’. दुसरी शाखा आखूड एची: ‘ब्रेड’, ‘हेड’, ‘डेड’, या शब्दांतला स्वर चढाई पुरी होण्याआधीच ऱ्हस्व झाला. तिसरी शाखा इनमीन तीन शब्दांची: ‘ग्रेट’, ‘ब्रेक’, ‘स्टेक’, हे वाटेतच थांबले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चहाची ‘टी’सुद्धा ‘टे’ म्हणत. कवी अलेक्झांडर पोपने तिचे यमक तशा शब्दांशी जुळवले आहे. तीन शाखा फळ्यावर तीन रकान्यांत मांडल्या की पाठांतर निम्मे होते, कारण अपवाद म्हणून जे भेडसावत होते ते मोजके निघतात.

या आठवड्याचा अभ्यास. आपल्या गावाचे आणि शेजारच्या चार गावांचे इंग्रजी स्पेलिंग पाटीवरून उतरवून घ्या. प्रत्येक स्वराखाली लिहा: साहेबाच्या कानाचा की हंटरचा. मग तेच अक्षर त्याच आवाजाने येणारा एक इंग्रजी शब्द शोधा. यूचा उ शोधताना ‘पुट’, ‘पुल’, ‘बुश’ अशा थोड्याच शब्दांवर भागवावे लागेल; यूचा अ शोधताना वही भरेल.

पुढील लेखांकात इंग्रजीतला सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि स्वतःचे अक्षर नसलेला स्वर: ‘अबाउट’चा ए, ‘लेमन’चा ओ आणि ‘सर्कस’चा यू ज्याच्यापुढे सारखेच होतात, तो दबलेला अ.