धावदोऱ्याची बैठक

महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते आणि अक्कलकुव्यातल्या मतदान केंद्रांची मणिबेलीपासून. कागदावर राज्याचा पहिला टाका इथे पडतो. नंदुरबार जिल्ह्याच्या या टोकाला सातपुडा थेट नर्मदेत उतरतो. महाराष्ट्राच्या वाट्याला या नदीचा जेमतेम ५४ किलोमीटरचा काठ आला आहे, आणि त्या काठावरच्या केंद्रांवर निवडणुकीची पथके बोटीने जात आली आहेत.

सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात सर्वांत आधी शिरले ते याच गावात. राज्यातली ३३ गावे धरणाच्या फुगवट्यात आली, त्यांतले पहिले मणिबेली. १९९३ च्या पावसाळ्यात इथली घरे पाण्यात गेली. काठावरचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळही बुडाले. देवाला गुजरातेत केवडियाजवळ गोरा येथे नवे देऊळ मिळाले. मोठ्या धरणांना पैसा देणे जागतिक बँकेने थांबवावे, असा जाहीरनामा १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी काढला, त्याला नाव दिले मणिबेलीचे. आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्यांनी गाव सोडले नाही त्यांनी ठिगळ लावलेच, डोंगरावर जरा वर चढून.

हे ठिगळ लावता आले, कारण सातपुड्यातले घर उकलता येते. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, वर कौले. कौले उतरवायची, कूड सोडवायचा, खांब काढून खांद्यावर घ्यायचे आणि वरच्या टेपावर पुन्हा उभे करायचे. जुना खांब टिकतो, कूड नवा येतो, घर तेच राहते. सिमेंटच्या घरात जन्म काढलेल्याला हे समजावून सांगावे लागेल. गोधडी शिवणाऱ्या बाईला सांगावे लागणार नाही, कारण तिच्या हातातली वस्तू नेमकी याच रीतीने उभी राहते.

थंडीचेही बघा. अक्कलकुवा तालुक्यातच वर डाब आहे. तिथे डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठल्याची बातमी वर्षाआड तरी वाचायला मिळते. ‘महाराष्ट्रात थंडी ती कसली’ म्हणणाऱ्याने तिथे एक रात्र काढावी. चुलीची ऊब पहाटेपर्यंत पुरत नाही. पहाटेला पांघरूणच लागते.

त्या पांघरुणाला खानदेशात गोधडी म्हणतात, कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ, कर्नाटकाच्या हद्दीवर कौदी. तान्ह्या बाळाची ती दुपटे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, राजस्थानची गुदडी ही सगळी याच घराण्यातली. आपल्याकडे तिला संतांचाही आधार आहे. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक चिंधेबुवा, गोधडेमहाराज म्हणत, आणि कर्जतचे ग्रामदैवत गोदड महाराज आजही त्याच नावाने पुजले जातात. एवढे असून मुंबईच्या बोलीत ‘चिंधी’ म्हणजे क्षुद्र आणि ‘चिंधीचोर’ ही शिवी. ज्या समाजाने चिंध्यांवर रात्री काढल्या त्यानेच ती घडवली, याची मला गंमत वाटते.

पिंजाऱ्याची रजई वेगळी, गोधडी वेगळी. ही गल्लत शहरात नेहमी होते. रजईत कापूस भरतात. ती कारागिराचे काम, मजुरी देऊन करून घ्यायचे. गोधडीत कापूस नसतो. तिच्या पोटात कापडच असते, थरावर थर. दोन थरांमध्ये जी हवा अडकते तीच ऊब, आणि थर जागचे हलू नयेत म्हणून टाके. यंत्र म्हणून पाहिले तर एवढेच आहे. ना चौकट, ना माग. सुई, दोरा, कात्री, फार तर बोटात अंगुस्तान.

काम काढायचे ते उन्हाळ्यात. शेतात काही नसते, धुतलेले कापड तासाभरात वाळते, आणि मिरगाच्या आत पांघरूण तयार व्हायला हवे असते. आधी गाठोडे सोडायचे. नऊवार लुगडे म्हणजे २७ फूट कापड, पण ते सगळीकडे सारखे विरत नाही. बसण्या-उठण्याने मधला भाग जातो, पदर आणि काठ तगून राहतात. विरलेले आत घालायचे, तगलेले वर. धोतराचे पान असले तर मधे; सदऱ्याच्या पाठी, लेंग्याचे पाय, उशीचे फाटके अभ्रे, जे असेल ते. शिवणी आणि बटणे आधी काढून टाकायची, नाहीतर झोपणाऱ्याला रुततात. काठ वेगळे कापून ठेवायचे, ते शेवटी कडेला लागतात.

मग सारवलेल्या अंगणात खालचे लुगडे पसरायचे, चारी कोपऱ्यांवर दगड नाहीतर भरलेले तांबे ठेवायचे. वर तुकडे मांडत जायचे. यात खरे कसब आहे. एका जागी तीन थर आणि दुसऱ्या जागी पाच झाले की गोधडीला गाठी आल्यासारखे वाटते. हात फिरवून, सपाट करून वरचे लुगडे टाकायचे आणि लांब लांब कच्चे टाके घालून सगळे बांधून घ्यायचे. इथवरचे काम एखादी एकटी रेटू शकते. पुढचे एकटीने करायचे म्हटले तर महिना जातो. म्हणून शेजारणी.

चौघी चार बाजूंना बसतात. धावदोरा, म्हणजे शिवणकामातला सगळ्यांत साधा टाका, जो शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला पहिल्या दिवशी शिकवतात. कडेने सुरू करायचे, कोपऱ्यावर वळायचे, बोटभर अंतर सोडून आतली ओळ धरायची. चौकोनात चौकोन उमटत जातो. चौकट नसल्यामुळे आतल्या ओळी घालताना शिवणारी गोधडीवरच बसते. सुरुवातीला एकमेकींपासून पाच-सहा फूट लांब असलेल्या बायका टाक्यागणिक सरकत मधे येतात, आणि शेवटी जागाच उरत नाही. मग दोघी-तिघी उठून चहाकडे बघतात आणि उरलेली एक मधला चौक संपवते.

सहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडी धरा. ओळींमधले अंतर दोन सेंटिमीटर. मी हिशेब करून पाहिला: एकूण शिवण शंभर मीटरच्या वर जाते. टाका आणि मधली मोकळी जागा मिळून सेंटिमीटर धरला, तर एका गोधडीत दहा हजारांहून अधिक टाके. चौघींत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला अडीच हजार, म्हणजे बोलायला भरपूर वेळ.

आणि बोलणे हेच त्या बैठकीचे दुसरे काम. हात गुंतलेले, डोळे खाली. समोरचीच्या तोंडाकडे बघावे लागत नाही, म्हणून एरवी तोंडातून न निघणारे बोलून जाते. कुणाच्या सासूचे, कुणाच्या कर्जाचे, कुणाला दिवस गेल्याचे. मधेच थोरली कुणीतरी म्हणते, ‘टाका लांब चालला तुझा, बाय.’ तो टोमणा असतो की शिकवणी, हे ज्याचे त्याने समजावे. सुईत दोरा ओवायचे काम पोरांचे, कारण आजीला नाक दिसत नाही. आमच्या लहानपणी एका ओवणीला शेंगदाण्याची मूठ असा भाव होता, आणि आम्ही मुद्दाम आखूड दोरे ओवत असू. लवकर संपावेत म्हणून. ते पकडले गेलेच.

गोधडी उलटी करून पाहा. कुठल्या बाजूला बारीक, एकसारखा टाका आहे, कुठे तिरका, कुठे मधेच ओळ भरकटून परत आली आहे. चार हातांच्या चार सह्या. भरतकाम करणाऱ्या बाया मागची बाजू स्वच्छ ठेवण्यासाठी जीव टाकतात. गोधडीला मागची बाजूच नाही, दोन्हीकडून ती पांघरायची.

रुखवताशी तिची तुलना करावीशी वाटते. क्रोशाचे रुमाल, मोत्यांची तोरणे, भरतकामाचे तक्के लग्नात टेबलावर मांडतात आणि पाहुणे माना डोलावत पुढे सरकतात. तेही हातचेच काम, कष्टाचे, आणि बहुतेकदा मैत्रिणींच्या घोळक्यातच झालेले. पण पुढे ते काचेच्या कपाटात जाते. गोधडी कुणाला दाखवायची नसते. उलट पाहुणे आले की वर चादर टाकून ती झाकतात. माझे मत विचाराल तर घरातले सगळ्यांत अस्सल शिवणकाम तेच, जे चादरीखाली झाकले आहे.

ती विरली की टाकत नाहीत. जुन्या गोधडीवरच दोन्ही बाजूंनी नवे लुगडे चढवून पुन्हा धावदोरा. म्हणजे आजच्या गोधडीच्या पोटात कालची, तिच्या पोटात परवाची. सागाचा जुना खांब आणि नवा कूड म्हटले ते हेच. अशी थोराड झालेली गोधडी ओली झाल्यावर दोघींनाही उचलत नाही. म्हणून दसऱ्याचे धुणे, घटस्थापनेआधी गावातली सगळी पांघरुणे नदीवर. पायाने तुडवायची, खडकावर आपटायची, दोन टोके दोघींनी धरून पिळायची, तापलेल्या दगडांवर वाळत घालायची. दुपारपर्यंत काठ रंगीत होऊन जातो. या धुण्याला वाहते पाणी आणि उघडा खडक लागतो. मोठ्या धरणाच्या फुगवट्यात दोन्ही जातात: पाणी चढते-उतरते, काठावर गाळ साचतो, आणि नर्मदेच्या या पट्ट्यात त्या गाळात गुरे रुतली, माणसेही रुतली. नदी दारात असून धुण्याला काठ नाही, ही गोष्ट विस्थापनाच्या कुठल्या तक्त्यात कशी लिहिणार?

मणिबेलीची आठवण व्हावी असे एक गाव अमेरिकेत आहे. अलाबामा नदीच्या वळणावरचे जीज बेंड. एकेकाळच्या गुलामांच्या वंशजांची वस्ती. मतदार म्हणून नाव नोंदवायला तिथली कृष्णवर्णीय माणसे पलीकडच्या तालुक्याच्या गावी जाऊ लागली, तेव्हा १९६२ मध्ये नदीवरची तरच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडले. मधल्या काळात खालच्या अंगाला धरण झाले आणि तिथल्या चांगल्या जमिनी पाण्याखाली गेल्या. या गावच्या बायका नवऱ्यांच्या विटलेल्या कामाच्या कपड्यांतून गोधड्या शिवत. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली आणि शिवलेले विकू लागल्या. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. त्यानंतर पैशाचा वाटा कुणाला किती, यावरून काही गोधडीकर्त्या कोर्टात गेल्या. तो वाद २००८ मध्ये मिटला.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आपल्याकडेही गोधडी आता दुकानात आली आहे. बचत गटांच्या प्रदर्शनात ती दिसते, शहरातल्या दिवाणावर अंथरली जाते. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत अख्खे पुस्तक केले. चांगलेच झाले. मात्र नव्याकोऱ्या कापडाचे चौकोनी तुकडे कापून यंत्रावर शिवलेल्या पांघरुणाला गोधडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नवे कापड कडक असते. शे-दोनशे धुण्यांनी आलेला मऊपणा कातरीने आणता येत नाही. हातशिलाईची मिळाली तर मात्र घासाघीस करू नका. सांगितलेल्या किमतीला दहा हजारांनी भागा आणि एका टाक्याला काय पडले ते बघा.

खरी अडचण कापडाची आहे. नायलॉन, पॉलिस्टर, जॉर्जेटच्या साड्या आल्या आणि गाठोड्यातले सूत संपत गेले. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपत नाहीत, ठिणगी उडाली तर वितळून अंगाला चिकटतात. चुलीजवळ झोपणाऱ्या घरात हे धोक्याचेच. दुसरीकडे पानिपतची स्वस्त ब्लँकेटे गावोगाव पोचली. आपत्तीनंतर वाटतात ती घोंगडीवजा ब्लँकेटेही बहुधा तिथलीच, आणि ती बनतात जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून. तीही एका अर्थी गोधडीच, फक्त भोवती बसून बोललेले कुणी नसते. आणि सोलापुरी चादर? ती आपल्या जागी उत्तमच. डाबच्या पहाटेला मात्र एकटी पुरणार नाही.

तेव्हा आता माळ्यावरचे गाठोडे सोडाल, तेव्हा बोहारणीच्या पातेल्याला भुलण्याआधी तीन-चार सुती लुगडी बाजूला काढा. मोठ्या नाकाची सुई आणा, दोरा सुतीच घ्या, ओळी बोटभर अंतराने धरा. ओवायला पोरे बसवा, पण दोऱ्याची लांबी तुम्ही तोडून द्या. आणि पहिला टाका घालण्याआधी शेजारच्या तिघींना हाक मारा.