चिकूची घरगुती साठवण

चिकूची घरगुती साठवण म्हणजे आठवडाभर पुरतील इतके चिकू आणून ते टप्प्याटप्प्याने पिकवणे व टिकवणे. पालघर जिल्ह्यातील 'डहाणू घोलवड चिकू' यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणूच्या दक्षिणेस, त्याच रेल्वेमार्गावर बोईसर व पालघर ही स्थानके आहेत.

चिकू पूर्ण वाढल्यावर, पण कच्चाच तोडतात. तयार फळावरील तपकिरी भुकटी सहज निघते आणि नखाने ओरखडल्यास आतली साल हिरवी नव्हे, तर पिवळसर दिसते. तोडल्यानंतर फळात इथिलीन वायू तयार होऊन ते साधारणतः आठवडाभरात मऊ पडते. कच्चे फळ शीतकपाटात ठेवल्यास ही क्रिया बिघडते व पुढे बाहेर काढूनही ते नीट पिकत नाही. घरी चिकू वाया जाण्याचे हे एक कारण आहे. म्हणून कच्ची फळे हवेशीर टोपलीत ठेवून पिकतील तशी थंडाव्यात हलवणे इष्ट. त्यांपैकी काही पिकलेल्या केळ्यांसोबत कागदात गुंडाळल्यास ती लवकर तयार होतात, उरलेली मागाहून.

चिरलेला गर हवेने काळवंडतो. लिंबाच्या रसाने हे लांबते, मात्र चिकूच्या गोडीला तो आंबटपणा फारसा मानवत नाही. फोडी झाकून शीतकपाटात ठेवाव्यात व एक-दोन दिवसांत संपवाव्यात. बियांच्या टोकाला आकडा असतो व तो घशात अडकू शकतो. त्यामुळे लहान मुलांच्या डब्यासाठी बिया आधीच काढतात.