टीम स्काय : नियमांत बसलेला, मनातून उतरलेला संघ

१८ जुलै २०१५ रोजी टूर डी फ्रान्सचा चौदावा टप्पा दक्षिण फ्रान्समधील मांद या गावाकडे निघाला होता. एकूण वेळेत सर्वांत पुढे असणाऱ्या स्वाराला मिळणारी पिवळी जर्सी ब्रिटनच्या ख्रिस फ्रूमच्या अंगावर होती. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसाने त्याला उत्तेजक घेणारा म्हणून हिणवले आणि हातातल्या कपातील मूत्र त्याच्या अंगावर भिरकावले. टप्पा संपल्यावर फ्रूमनेच ही घटना सांगितली. त्याआधी काही दिवस पिरेनीज पर्वतात त्याचा सहकारी रिची पोर्ट याला एका प्रेक्षकाने ठोसा लगावला होता. दोघेही ‘टीम स्काय’ या ब्रिटिश व्यावसायिक संघाचे सायकलपटू. त्या दिवसापर्यंत दोघांपैकी कोणीही उत्तेजक चाचणीत दोषी आढळलेला नव्हता.

सायकल शर्यतीला तिकीट नसते आणि घाटातल्या बहुतांश रस्त्यावर कठडेही नसतात. आल्प्सच्या चढावर प्रेक्षक स्वारापासून हातभर अंतरावर उभा असतो. प्रेम आणि राग दोन्ही तो तेथेच व्यक्त करतो. त्यामुळे या खेळात चाहत्यांचे मत ही केवळ भावनेची बाब उरत नाही, ती शर्यतीच्या वाटेत येऊन उभी राहते. टीम स्कायइतका विजयी आणि तिच्याइतका नावडता संघ गेल्या दोन दशकांत दुसरा झाला नाही. २०१२ ते २०१९ या आठ वर्षांतील सात टूर या संघाने जिंकल्या. अपवाद फक्त २०१४ चा. त्या वर्षी फ्रूम पडून जायबंदी झाला आणि इटलीचा विन्सेन्झो निबाली विजेता ठरला.

या नावडीचे मूळ संघाच्या जन्मकथेत आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनने सायकलिंगची आठ सुवर्णपदके जिंकली. त्या यशाचे शिल्पकार डेव्ह ब्रेल्सफर्ड यांनी पुढच्याच वर्षी ‘स्काय’ या दूरचित्रवाणी कंपनीच्या पैशावर व्यावसायिक संघाची घोषणा केली. पाच वर्षांत ब्रिटिश स्वार टूर जिंकेल आणि तोही कोणतेही उत्तेजक न घेता, असे त्यांनी जाहीर केले. १९०३ पासून चालत आलेली ही शर्यत तोवर एकाही ब्रिटिशाने जिंकलेली नव्हती. मात्र या घोषणेचा दुसरा भाग पहिल्याहून मोठा होता.

तो मोठा का, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. जुलै १९९८ मध्ये ‘फेस्टिना’ संघाची औषधांनी भरलेली गाडी बेल्जियमच्या सीमेवर पकडली गेली आणि त्या वर्षीची टूर पोलिसांच्या धाडींत पार पडली. त्यानंतर लान्स आर्मस्ट्राँगने सलग सात टूर जिंकल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्या सातही काढून घेण्यात आल्या. या काळातल्या चाहत्याने दरवेळी नव्या नायकावर विश्वास ठेवला आणि दरवेळी तोंडघशी पडला. अशा पोळलेल्या लोकांसमोर ब्रेल्सफर्ड ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणत उभे राहिले. इतर संघ नियम पाळण्याची भाषा करत. स्कायने नियमांपेक्षा वरची पट्टी स्वतःहून मागून घेतली.

पहिली तीन वर्षे ती पट्टी शोभलीही. ब्रॅडली विगिन्सने २०१२ ची टूर जिंकली आणि फ्रूम दुसरा आला. लहानसहान सुधारणांची बेरीज करण्याचे संघाचे तत्त्वज्ञान व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवले जाऊ लागले : स्वारांच्या गाद्या-उशा हॉटेलागणिक सोबत नेणे, हात धुण्याची पद्धत शिकवणे, सरावाचा प्रत्येक तास आकड्यांत मोजणे. २०१५ च्या इटलीतील शर्यतीत पोर्ट हॉटेलाऐवजी स्वतंत्र निवासी वाहनात झोपू लागला, तेव्हा यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेने तशा वाहनांवरच बंदी घातली. उशीच्या गोष्टी ऐकायला गोड वाटतात. पण चांगले स्वार विकत घेण्याची ताकद ही यातली सर्वांत मोठी ‘सुधारणा’ होती, हे कोणत्याही जाणत्या चाहत्याला ठाऊक होते. इतर संघांत नेता होऊ शकले असते असे स्वार स्कायमध्ये मदतनीस म्हणून राबत होते.

त्यांचे डोंगरातले तंत्र समजून घेण्यासारखे आहे. सपाटीवर पुढच्या स्वाराच्या आडोशाने जाणाऱ्याचे श्रम बरेच वाचतात. चढावर वेग कमी असल्याने हा लाभ घटतो, तरी तो संपत नाही. स्कायचे चार-पाच मदतनीस घाटाच्या पायथ्यापासून आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक लागत आणि शक्तिमापकाकडे पाहून एकसारखा, जीवघेणा वेग ठेवत. या वेगातून कोणी पुढे उसळी मारलीच, तर तो काही मिनिटांत दमून आपोआप हाती लागे. शेवटच्या काही किलोमीटरवर नेता बाहेर पडे. तंत्र बिनतोड होते. पाहायला मात्र नीरस. भारतात टूरचे टप्पे संध्याकाळी सुरू होऊन रात्री नऊच्या सुमारास संपतात. दिवसभराच्या कामानंतर टीव्हीसमोर बसणाऱ्या प्रस्तुत प्रतिनिधीसारख्या चाहत्याला त्या वर्षांत नऊ वाजता काय दिसणार, हे सात वाजताच कळलेले असे. कंटाळा हा गुन्हा नव्हे. पण स्कायवरच्या रागात या कंटाळ्याचा वाटा मोठा होता, आणि संशयाला तो फार लवकर मिठी मारतो.

२०१५ च्या टूरमध्ये पिरेनीजमधील ला पियेर-सां-मार्तां या चढावर फ्रूमने प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. फ्रान्सच्या सरकारी दूरचित्रवाणीवर एका तज्ज्ञाने त्याची शक्ती दर किलो वजनामागे ७.०४ वॉट असल्याचा अंदाज मांडला. इतकी शक्ती एवढा वेळ टिकवणे मानवी मर्यादेबाहेरचे मानले जाते. संघाने उत्तरादाखल आपली आकडेवारी जाहीर केली : सरासरी ४१४ वॉट, म्हणजे दर किलोमागे ५.७८. हा आकडा विश्वास बसण्याजोगा होता. मात्र आर्मस्ट्राँगचा काळ पाहिलेल्या प्रेक्षकाला संघाने स्वतः दिलेल्या आकड्याने शांत करता येत नाही. त्या चढानंतर चार दिवसांनी मांदच्या वाटेवर तो कप भिरकावला गेला होता. तो फेकणाऱ्याचे समर्थन कोणीही करणार नाही. संघाच्या कट्टर टीकाकारांनीही केले नाही.

खरा तडा गेला सप्टेंबर २०१६ मध्ये. ‘फॅन्सी बेअर्स’ नावाच्या संगणक-चोरांनी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, नोंदी फोडून प्रसिद्ध केल्या. त्यांत विगिन्सला मिळालेल्या वैद्यकीय सवलती होत्या. आजारी खेळाडूला बंदी असलेले औषध घेणे आवश्यक असेल, तर डॉक्टरांच्या कागदपत्रांवर त्याला तशी परवानगी मिळते; ही व्यवस्था कायदेशीर आणि गरजेचीही आहे. विगिन्सला परागकणांची ॲलर्जी आणि दमा होता. त्यासाठी २०११ आणि २०१२ च्या टूरआधी व २०१३ च्या इटलीतील शर्यतीआधी त्याला ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्यात आले होते. हे औषध ताकद फारशी न गमावता वजन उतरवण्यास मदत करते, असे त्या पिढीतील उत्तेजक घेतल्याची कबुली दिलेल्या स्वारांनी सांगितले आहे. आणि टूरमध्ये वजन उतरवणे म्हणजे घाटात मिनिटे कमावणे.

परवानगी रीतसर होती, नियम मोडला नव्हता. मग चाहता का दुखावला? कारण तारखा. तिन्ही इंजेक्शने वर्षातील सर्वांत मोठ्या शर्यतीच्या तोंडावर दिली गेली. काही युरोपीय संघांनी २००७ मध्ये ‘विश्वासार्ह सायकलिंगसाठी चळवळ’ अशी संघटना स्थापन केली होती. या वर्गातील औषध टोचलेल्या स्वाराने आठ दिवस शर्यतीपासून दूर राहावे, असा त्या संघटनेचा स्वतःवर घातलेला दंडक आहे. स्काय या संघटनेत कधीच सामील झाला नाही. स्वच्छतेचा डंका सर्वांत मोठ्याने पिटणारा संघ अधिक कडक नियम पाळणाऱ्यांच्या पंक्तीत बसत नाही, ही विसंगती जाणकार चाहत्याला परवानगीच्या कागदापेक्षा अधिक बोलकी वाटली.

त्यानंतर आले पाकीट. जून २०११ मध्ये विगिन्सने जिंकलेली दोफिने ही शर्यत आल्प्समधील ला तुस्युइर येथे संपली. त्या दिवशी इंग्लंडहून एक कर्मचारी विमानाने बंद पाकीट घेऊन आला आणि ते संघाचे डॉक्टर रिचर्ड फ्रीमन यांच्या हाती पडले. पाकिटात फ्लुइमुसिल हे कफ पातळ करणारे साधे, बंदी नसलेले औषध होते, असे ब्रेल्सफर्ड यांनी डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला सांगितले. युरोपातील औषधाच्या दुकानांत सहज मिळणारी वस्तू इंग्लंडहून का आणवली, हा प्रश्न लगेच उभा राहिला. कागदोपत्री पुरावा मागितला, तर तो नव्हता. डॉक्टरांचा लॅपटॉप २०१४ मध्ये ग्रीसमध्ये सुटीवर असताना चोरीला गेल्याचे सांगण्यात आले. गादीची जाडी मोजणाऱ्या संघाकडे औषधाची नोंद नसावी, यावर हसावे की रडावे हे ब्रिटनमधल्या भल्याभल्यांना कळेना. ब्रिटनच्या उत्तेजकविरोधी संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये कोणावरही आरोप न ठेवता चौकशी थांबवली, कारण पाकिटात काय होते हे कोणत्याच बाजूने सिद्ध करता येईना. मार्च २०१८ मध्ये संसदीय समितीने अहवाल दिला : वाडाचे नियम मोडले गेले नाहीत, पण संघाने स्वतः आखलेली नैतिक रेषा ओलांडली. विगिन्स आणि संघाने हा निष्कर्ष फेटाळला.

डॉ. फ्रीमन यांचे प्रकरण वेगळ्या वाटेने गेले. २०११ मध्ये मँचेस्टरच्या सायकलिंग केंद्रात टेस्टोस्टेरॉन जेलच्या ३० पुड्या मागवण्यात आल्या होत्या. एका खेळाडूला देण्यासाठी त्या आहेत हे जाणून वा तसे मानून फ्रीमन यांनी त्या मागवल्या, असा निष्कर्ष वैद्यकीय लवादाने मार्च २०२१ मध्ये काढला. त्यांचा वैद्यकीय परवाना रद्द झाला आणि पुढे त्यांच्यावर चार वर्षांची क्रीडाबंदी आली. खेळाडूला देण्याचा आरोप त्यांनी नाकारला आहे. तो खेळाडू कोण, हे लवादातही निष्पन्न झाले नाही.

फ्रूमचे प्रकरण याहून तांत्रिक आहे, आणि प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते त्याच्यावर थोडा अन्यायही झाला. तो दमेकरी. इनहेलरमधून साल्ब्युटामोल घेण्यास ठरावीक मात्रेपर्यंत परवानगी लागत नाही; फक्त लघवीत त्याचे प्रमाण मिलिलिटरमागे १,००० नॅनोग्रॅमच्या वर गेले, तर खेळाडूला खुलासा करावा लागतो. सप्टेंबर २०१७ मध्ये स्पेनमधील शर्यतीत फ्रूमचे प्रमाण २,००० भरले. शरीरातील पाण्याचे प्रमाण घटल्याचा हिशेब धरून ते १,४२९ वर आले, आणि अचूकतेची सूट गृहीत धरलेली कारवाईची मर्यादा १,२०० होती. डिसेंबरमध्ये बातमी फुटली. पण तो निलंबित नव्हता, म्हणून शर्यतीत उतरत राहिला. मे २०१८ मध्ये इटलीतील शर्यतीत कोल्ले देल्ले फिनेस्त्रेच्या कच्च्या रस्त्यावरून त्याने जवळपास ८० किलोमीटर एकट्याने मुसंडी मारून तीन मिनिटांहून अधिक पिछाडी भरून काढली. शक्तिमापकाचे गुलाम म्हणून हिणवल्या गेलेल्या संघाकडून इतकी धाडसी चाल कोणी अपेक्षिली नव्हती. ती पाहताना टाळी वाजवावी की हात आवरावा, हा पेच जगभरच्या चाहत्यांना पडला.

२ जुलै २०१८ रोजी, टूर सुरू होण्याच्या पाच दिवस आधी, यूसीआयने वाडाच्या सल्ल्यानुसार प्रकरण बंद केले. औषध शरीरातून बाहेर पडण्याचे प्रमाण दर दिवशी आणि दर माणसागणिक बदलते, ही शास्त्रीय बाजू खरी आहे. पण इटलीच्या आलेस्सान्द्रो पेताक्कीला २००७ च्या १,३२० नॅनोग्रॅमबद्दल आणि दिएगो उलिस्सीला २०१४ मधील १,९०० नॅनोग्रॅमबद्दल बंदी भोगावी लागली होती. मग नियम बदलला, की वकील चांगला मिळाला? हा प्रश्न विचारणारा प्रत्येक चाहता मूर्ख नव्हता. त्या टूरमध्ये आल्प द्युएझच्या चढावर एका प्रेक्षकाने फ्रूमला हात मारला आणि तेथे जिंकलेल्या गेरेंट थॉमसची व्यासपीठावर हुर्यो उडाली. थॉमसचा या कशाशीही संबंध नव्हता. जर्सी तीच होती, एवढे पुरे झाले.

एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी : स्कायमध्ये असताना उत्तेजक घेतल्याबद्दल या संघाच्या एकाही स्वारावर बंदी आलेली नाही. जोनाथन टियरनन-लॉक या स्वारावर २०१४ मध्ये रक्ताच्या नोंदींवरून बंदी आली, ती संघात येण्यापूर्वीच्या नमुन्यासाठी. मात्र ‘कलंकित भूतकाळ असलेल्या कोणालाही थारा नाही’ हे धोरणही संघाने गरजेनुसार राबवले. आर्मस्ट्राँग अहवालानंतर २०१२ च्या अखेरीस कबुली देणाऱ्या प्रशिक्षकांना बाहेर काढण्यात आले. दुसरीकडे २०११-१२ मध्ये संघासाठी काम केलेल्या बेल्जियन डॉक्टर गेर्ट लिंडर्स यांच्यावर आधीच्या संघातील गैरप्रकारांबद्दल २०१५ मध्ये आजन्म बंदी आली. खरे बोलणारा घरी गेला, असा या धोरणाचा अर्थ चाहत्यांनी लावला तर त्यांना दोष देता येणार नाही.

१ मे २०१९ पासून संघाचे नाव आणि मालक बदलले. रसायन उद्योजक जिम रॅटक्लिफ यांच्या ‘इनिओस’ कंपनीने तो घेतला आणि त्याच वर्षी कोलंबियाच्या एगन बर्नालने टूर जिंकली. ती या संघाची आजवरची शेवटची टूर. त्यानंतर हरणाऱ्या संघाबद्दल वाटणारी सहानुभूतीही त्याच्या वाट्याला आली. सप्टेंबर २०२५ मध्ये कार्डिफ या आपल्या गावी निवृत्त होणाऱ्या थॉमसला निरोप द्यायला रस्ते भरून गेले होते.

त्याच वर्षी जुलैत, टूर सुरू असताना, संघाचा एक जुना कर्मचारी शर्यत सोडून परतला. २०१२ मध्ये एका जर्मन डॉक्टरशी त्याचा संपर्क झाल्याच्या वृत्तानंतर आंतरराष्ट्रीय चाचणी संस्थेने त्याला मुलाखतीसाठी बोलावले होते. त्या डॉक्टरला पुढे रक्त-उत्तेजन प्रकरणात शिक्षा झाली. त्याच आठवड्यात संघाचा डच स्वार थायमन आरेन्समन याने सुपरबान्येरचा चढ एकट्याने सर केला आणि घाटातल्या गर्दीने त्याला मनापासून टाळ्या दिल्या.