स्नानगृहातील प्लास्टिकची मोजदाद

मीरा रोडच्या पूर्वेस बेव्हर्ली पार्क नावाची जी दाट वस्ती आहे, तिच्यातील प्रसाधनांच्या कोणत्याही दुकानात शिरले, तर चेहरा उजळवण्याचे आश्वासन देणाऱ्या नळ्यांची रांगच मांडलेली दिसते. परंतु त्या नळीतील जो खरखरीत कण त्वचेवरचा मळ घासून काढतो, तो अक्रोडाच्या कवचाचा की पॉलिथिलीनचा, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. तोंड धुऊन झाले, की तो कण मोरीच्या वाटेने निघतो. मलजल शुद्धीकरण केंद्रात असे बहुतेक कण गाळात अडकतात हे खरे. तथापि जे निसटतात त्यांचा उतार अखेर खाडीकडेच असतो, आणि उल्हास नदीचे पाणी घेऊन शहराच्या उत्तरेने वाहणारी वसईची खाडी अरबी समुद्राला मिळते.

‘मायक्रॉन’ हे माप आपल्या घरोघरी पोचले ते पिशव्यांच्या निमित्ताने. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ५० मायक्रॉनहून पातळ पिशवीस मनाई केली आणि पुढे ती मर्यादा १२० वर नेली. प्रसाधनातले प्लास्टिकचे कण, म्हणजेच मणी, याच मापाच्या जगातले. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये चेहऱ्याची काही स्क्रब तपासली, तेव्हा मण्यांचा सरासरी व्यास १६४ ते ३२७ मायक्रॉन भरला, आणि एका वेळच्या वापरात ४,५९४ पासून ९४,५०० पर्यंत मणी सुटू शकतात, असा हिशेब निघाला. वीसपटीचे हे अंतर पाहून गणिताविषयी शंका घेण्याचे कारण नाही, कारण मण्याचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच वजनात आठपट मणी मावतात. म्हणूनच नुसती संख्या सांगून वजन न सांगणारा अहवाल मला अर्धवट वाटतो.

ही मोजणी ऐकावयास सोपी आहे. जिन्नस तोलून ऊन पाण्यात विरघळवावा, निर्वात पंपाच्या साह्याने बारीक गाळणकागदातून ओढून घ्यावा, उरलेला साका वाळवून तोलावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजावा. खरी अडचण पुढेच उभी राहते. कारण साक्यात मेण, सिलिका, फळांच्या कोयांचा चुरा असे सारेच असते, आणि दिवाळीचे उटणे गाळले तरी कागदावर साका राहीलच. वनस्पतिजन्य अंश हायड्रोजन पेरॉक्साइडने बराचसा जाळता येतो. उरलेल्या कणांवर अवरक्त किरण टाकून, किंवा सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या प्रकाश-विकिरणाचा आधार घेऊन, प्रत्येक कणाची रासायनिक ओळख पटवावी लागते. त्यातही तपासनिसाच्या कपड्यांतले कृत्रिम धागे नमुन्यात पडू नयेत, म्हणून सुती कपडे, काचेची भांडी आणि जिन्नसाविना केलेली एक कोरी चाचणी, हा सारा बंदोबस्त करावा लागतो.

समुद्राच्या वाळूतून प्लास्टिक वेगळे काढण्याची रूढ रीत मिठाची आहे: दाट मिठवणीत वाळू बुडते आणि हलके प्लास्टिक वर तरंगते. भाईंदरच्या मिठागरांच्या शेजाऱ्यांना ही रीत जवळची वाटावी. पण मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ मध्ये भारतीय समुद्री मीठ तपासले, तेव्हा एका किलोमागे सुमारे ६४ मायक्रोग्रॅम सूक्ष्म प्लास्टिक आढळले. म्हणजे मोजण्याचे साधनच आधी गाळून घेणे आले! त्यापूर्वी, २०१३ मध्ये, वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या संशोधकांनी जुहू, वर्सोवा, दादर व अक्सा या किनाऱ्यांवरील प्लास्टिकची मोजदाद प्रसिद्ध केली होती. अर्थात वाळूत सापडलेला तुकडा पिशवीचा की प्रसाधनाचा, हे बहुधा सांगता येत नाही. त्यासाठी नळीतच, तो मोरीत जाण्यापूर्वीच, मोजणी व्हावयास हवी.

कायद्याची गती मात्र एकसारखी नाही. अमेरिकेने डिसेंबर २०१५ मध्ये धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांतील मण्यांविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे २०१७ च्या आरंभी राष्ट्रीय हरित लवादाने अशा प्रसाधनांची तपासणी करण्याचा हुकूम केंद्र सरकारला दिला, आणि त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने प्लास्टिकचे मणी सौंदर्यप्रसाधनांसाठी सुरक्षित न मानलेल्या द्रव्यांच्या यादीत घातले. युरोपने २०२३ मध्ये मण्यांना तत्काळ मनाई केली, पण रंगभूषेच्या जिनसांना २०३५ पर्यंत मुदत दिली, आणि द्रवरूप व पाण्यात विरघळणारी बहुवारिके (पॉलिमर) व्याख्येबाहेरच ठेवली. गाळणकागदावर न अडकणारे हे पदार्थ मोजणीतूनही सुटतात आणि कायद्यातूनही; ‘प्लास्टिकमुक्त’ या शिक्क्यावर विसंबताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

प्रयोगशाळा प्रत्येकाच्या हाताशी नसते, मात्र वेष्टनावरील घटकांची यादी असते. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन-१२ किंवा पॉलिमिथिल मेथाक्रिलेट यांपैकी एखादे नाव तिच्यात आढळले, तर वाचकांनी ती नळी दुकानदारास परत द्यावी, आणि का परत देतो हेही त्यास सांगावे.